सात दिवस मौनात: ग्रामीण भागातल्या बौद्ध ध्यान शिबिराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवासी ध्यान शिबिराला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. मी साधक म्हणून शिबिरांना बसत आले आहे. सेवक म्हणून स्वयंपाकघरात, ध्यानकक्षाच्या दाराशी आणि नोंदणीच्या टेबलावर कामही करत आले आहे. त्यामुळे निघण्याआधी लोक काय विचारतात आणि तिसऱ्या दिवशी काय विचारतात, दोन्ही ठाऊक आहे. परंपरेनुसार शिस्त बदलते. इथली उत्तरं मुख्यतः थेरवादी, म्हणजे श्रीलंका-ब्रह्मदेश-थायलंडकडच्या बौद्ध परंपरेच्या पद्धतीच्या शिबिरांना धरून आहेत. जपानी झेन परंपरेतलं सेशिन नावाचं ध्यान शिबिर किंवा तिबेटी परंपरेतली साधना यांचे नियम वेगळे असतात. तुम्ही जिथे जाणार, तिथल्या सूचना शेवटच्या माना.

मी बौद्ध नाही. मला येता येईल का?

हो. पहिल्या संध्याकाळी पालीत त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) आणि शील (वागणुकीचे नियम) घेतलं जातं. काही ठिकाणी ते सगळ्यांनी म्हणायचं असतं, काही ठिकाणी नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. खटकत असेल तर आधीच विचारून घ्या. शील पाळणं मात्र कुणालाच चुकत नाही, आणि त्यामागे साधनेचंच कारण आहे: कुणाला दुखावलेलं, कुणाशी खोटं बोललेलं मन आसनावर बसलं की तेच उगाळत राहतं.

आधी कधीच ध्यान केलेलं नाही. थेट सात दिवस झेपतील?

झेपतात, पण अंगाला थोडी सवय करून या. आधीचे दोन-तीन आठवडे रोज सकाळी वीस मिनिटं एका जागी बसा आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. किती एकाग्र झालो याचा हिशोब ठेवू नका. गुडघ्यांना, कंबरेला काय मानवतं एवढं घरी कळलं, तरी तिथला पहिला दिवस बैठक शोधण्यात वाया जात नाही.

याच काळात चहा-कॉफी कमी करत आणा. कॅफीन अचानक बंद केलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवसाच्या आसपास त्रास सर्वांत जास्त असतो आणि काहींना तो आठवडाभरही पुरतो. दुसऱ्या दिवशी 'ध्यानाने डोकं ठणकतंय' असं सांगणाऱ्याला मी सगळ्यात आधी विचारते, की घरी दिवसाला किती कप होत होते.

दिवस कसा असतो?

पहाटे चार-पाचच्या सुमारास घंटा होते. मग बसून ध्यान, नाश्ता, पुन्हा बसणं, चालण्याचं ध्यान, पुन्हा बसणं. मुख्य जेवण दुपारी बाराच्या आत होतं. दुपारही बसण्या-चालण्यात जाते, संध्याकाळी आचार्यांचं प्रवचन असतं आणि नऊ-दहाला दिवे मालवतात. एकेक बैठक साधारण पाऊण तास ते तासाची. सगळं मिळून दिवसाकाठी आठ-दहा तास साधना होते.

कागदावर हे भीतीदायक दिसतं, पण प्रत्यक्षात वेळापत्रक हाच सगळ्यांत मोठा आधार असतो. 'आता काय करू' हा प्रश्नच उरत नाही. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. मन राजी असो वा नसो. ज्यांचं शिबिर चांगलं पार पडतं, त्यांच्यात मला एक गोष्ट समान दिसली आहे: बसावंसं वाटतंय की नाही हे ते दर वेळी स्वतःला विचारत नाहीत. एक बैठक चुकवली की पुढची चुकवणं सोपं जातं, आणि मग दुपारी खोलीत पडून राहिलेल्या माणसाला सात दिवस फार लांब वाटू लागतात.

मौन म्हणजे अजिबात बोलायचं नाही?

आपापसात नाही. खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, शक्यतो नजरानजरही नाही. पण आचार्यांना साधनेबद्दल विचारता येतं आणि सेवकांना अडचण सांगता येते. पाण्याची मोटर बंद पडली, अंगात ताप आहे, पांघरूण कमी पडतंय, हे सांगितलंच पाहिजे. विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. काही भिक्षूंनी वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचे, तीन महिने एकमेकांशी अवाक्षरही न बोलता काढले आणि मोठ्या समाधानाने ते बुद्धांना सांगितलं. बुद्धांनी त्यांचं कौतुक केलं नाही. मुक्या जनावरांसारखे राहिलात, असं म्हणत त्यांनी अशा मूकव्रताला मनाई केली. म्हणून मौनाचं ओझं करून घेऊ नका. ते पाळायचं ते एवढ्यासाठी, की आपण कसे दिसतो, समोरच्याला काय वाटत असेल, ही दिवसभराची खटपट थांबावी.

बहुतेकांना मौन जड जात नाही. जड जातं ते फोन नसणं.

फोन खरंच जमा करावा लागतो का? घरी काही झालं तर?

करावा लागतो, आणि मी म्हणेन आनंदाने करा. केंद्राचा संपर्क क्रमांक घरच्यांना देऊन ठेवा. तातडीचा निरोप आला तर सेवक तो तुमच्यापर्यंत पोहोचवतात. ही व्यवस्था आहे ना, एवढी खात्री नोंदणीच्या वेळीच करून घ्या. निघण्याआधी बिलं भरा, कार्यालयात सात नव्हे तर आठ दिवसांची रजा सांगा, अर्धवट राहिलेलं भांडण शक्य असेल तर मिटवा. मागे ठेवलेली प्रत्येक अपुरी गोष्ट पहाटेच्या बैठकीत समोर येऊन उभी राहते.

पुस्तक, वही-पेनही बहुतेक ठिकाणी चालत नाही. लिहिणाऱ्या माणसांना हे फार खुपतं. अनुभव टिपायची घाई लागली, की अनुभव घेणं तिथेच संपतं.

सात दिवसांत काय हाती लागतं?

मज्झिमनिकाय या प्रवचनसंग्रहातलं सतिपट्ठानसुत्त जागरूक राहण्याच्या साधनेबद्दल आहे आणि त्याच्या शेवटी बुद्धांनी मुदत सांगितली आहे. ही साधना कुणी सात वर्षं केली तर दोनपैकी एक फळ अपेक्षित आहे: याच जन्मी अर्हत्त्व म्हणजे पूर्ण मुक्ती, किंवा थोडी आसक्ती उरली असेल तर अनागामी अवस्था, म्हणजे या जगात पुन्हा जन्म न येणं. मग ते सातावरून सहा, पाच असे खाली येतात, वर्षांवरून महिन्यांवर येतात, पंधरवड्यावर येतात आणि सात दिवसांवर थांबतात. पण त्याच सुत्तात साधनेचं जे वर्णन आहे त्यात चालणं, वळणं, हात पसरणं, खाणं, पिणं, बोलणं, गप्प राहणं, अगदी मलमूत्रविसर्जनसुद्धा येतं. या सगळ्यात अखंड जागं राहायचं. तशी सलग पाच मिनिटंही जात नाहीत, हे पहिल्याच दिवशी लक्षात येतं. ते लक्षात येणं मोलाचं आहे. इतकी वर्षं आपण बहुतेक वेळ गैरहजर होतो, ही बातमी दुसरं कुणी सांगून पटत नाही.

बाकी काय मिळेल याची यादी मी देणार नाही. एवढं सांगते, की राग यायच्या आधी छातीत, जबड्यात काय होतं ते बहुतेकांना याच आठवड्यात पहिल्यांदा दिसतं. ते एकदा दिसलं की पुढच्या वेळी तोंडातून शब्द जायच्या आधी किंचित जागा मिळते. संसारात त्या जागेचा फार उपयोग होतो. 'सात दिवसांत तणावमुक्ती' अशी हमी कुणी देत असेल, तर तिथे जाऊ नका.

मला नैराश्याची गोळी चालू आहे. अर्जात लिहू का? लिहिलं तर प्रवेश नाकारतील.

लिहा. सगळ्या प्रश्नांत या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत कळकळीने द्यावंसं वाटतं.

लांबलचक मौन आणि दिवसभराचं ध्यान हा मनावर खरा ताण असतो. त्यातून बहुतेक जण सुखरूप जातात, पण सगळेच नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी बौद्ध परंपरांतल्या साधकांच्या आणि आचार्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, झोप उडणं, आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, जुने आघात पुन्हा वर येणं असे अनुभव नोंदवलेले आहेत आणि काहींना मदत घ्यावी लागली होती. ज्यांना पूर्वी मनोविकृतीचा (सायकोसिस) झटका आलेला आहे किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय जाऊच नये. द्विध्रुवी विकारात नुसती झोप कमी झाली तरी उन्मादाचा टप्पा सुरू होऊ शकतो, आणि शिबिरात पहाटेची घंटा चुकत नाही. नुकतंच जवळचं माणूस गेलं असेल, व्यसन सोडून फार दिवस झाले नसतील, मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर हे आत्ता नको. आधी उपचार घ्या आणि जवळच्या माणसांमध्ये राहा. ध्यान नंतरही करता येईल.

चालू औषध शिबिरासाठी बंद करू नका. कुणी आचार्यांनी सांगितलं तरी नाही. तो निर्णय फक्त तुमच्या डॉक्टरांचा. आणि अर्जात खरं लिहिलं म्हणून एखाद्या केंद्राने 'आत्ता येऊ नका' असं कळवलं, तर त्यांनी तुमची काळजी घेतली असं समजा. लपवून आलेल्या माणसाला चौथ्या रात्री त्रास सुरू होतो तेव्हा जवळचं रुग्णालय बऱ्याच अंतरावर असतं आणि सेवकांच्या हाती कसलीच माहिती नसते.

रात्रीचं जेवण नसतं म्हणे?

शिबिरात पाळायच्या आठ नियमांतलं, म्हणजे अष्टशीलातलं, सहावं शील विकालभोजनाचं (अवेळी खाण्याचं) आहे: माध्यान्हानंतर सकाळपर्यंत घन आहार घ्यायचा नाही. काही शिबिरं ते काटेकोर पाळतात, काही नवख्यांना संध्याकाळी हलकं काहीतरी देतात. पहिल्या दोन संध्याकाळी भूक जाणवते, पण तीत सवयीचा भाग मोठा असतो. दुपारी दुप्पट जेवून भरपाई करू नका, पुढच्या दोन बैठका पेंगण्यात जातील.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा नियम स्वतःहून अंगावर घेऊ नये. संध्याकाळचं खाणं गाळून औषध तेवढंच घेतलं तर रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टरांशी बोला, केंद्राला कळवा, तुमच्यासाठी रात्री खाण्याची सोय मागा. गरोदर स्त्रिया, पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असणारे, वेळ ठरलेली औषधं घेणारे यांनाही हेच लागू. शील आजारी माणसाला उपाशी ठेवण्यासाठी नाही.

मला मांडी घालून तासभर बसताच येत नाही.

मग खुर्चीवर बसा. त्यात काहीही कमीपणा नाही, साधना पाठीच्या कण्याशी संबंधित आहे, घडी घातलेल्या पायांशी नाही. जमिनीवर बसायचं असेल तर बैठक उंच घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहिली की पाठ आपोआप सरळ होते. बहुतेक नवखे फार खाली बसतात आणि मग दिवसभर पाठीशी झगडतात.

वेदना दोन तऱ्हेच्या असतात आणि त्यांतला फरक शिकावा लागतो. पाय बधिर होणं, मांडी ताणली जाणं, खांदे भरून येणं हे उठून चार पावलं टाकली की ओसरतं. अशा वेदनेकडे पाहता येतं: ती कुठे सुरू होते, हलते का, 'नको' असं मन म्हणतं तेव्हा वाढते का. गुडघ्याच्या आत टोचणारी, उठल्यावरही न जाणारी कळ मात्र सांध्याची तक्रार आहे. ती सोसण्यात पुण्य नाही. सावकाश, भान ठेवून पाय बदला.

डोळे मिटले की झोप लागते. काय करू?

पहिले दोन दिवस हे होणारच. अनेक जण महिनोन्महिन्यांचा थकवा बरोबर घेऊन आलेले असतात. लाजू नका. बुद्धांचे प्रमुख शिष्य मोग्गल्लान साधनेच्या सुरुवातीच्या दिवसांत मगधातल्या एका गावाजवळ बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. त्यांना बुद्धांनी दिलेला सल्ला अंगुत्तरनिकाय या प्रवचनसंग्रहात आहे आणि तो इतका व्यवहारी आहे, की मी तो जसाच्या तसा सांगते: ज्या विचारात गुंगी आली तो सोड, ऐकलेला धम्म आठव, त्याचं पठण कर, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार, आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ, मनात उजेडाची कल्पना कर, येरझाऱ्या घाल. एवढं करूनही झोप गेली नाही, तर उजव्या कुशीवर झोप आणि जाग येताच उठ.

चालण्याचं ध्यान म्हणजे फिरणं का?

नाही. पंचवीस-तीस पावलांची सरळ वाट निवडायची, एका टोकाला थांबायचं, वळायचं, परत यायचं. लक्ष तळपायावर. पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकलं. पाली ग्रंथांत याला चंक्रमण म्हणतात आणि त्याचे पाच फायदे सांगितले आहेत: लांबचा प्रवास सोसतो, साधनेचे कष्ट सोसतात, आजार कमी होतात, अन्न पचतं आणि चंक्रमणात मिळालेली समाधी जास्त काळ टिकते. नवखे हा वेळ विश्रांतीचा समजून झाडांखाली रेंगाळतात आणि मग पुढच्या बैठकीत शून्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून हळहळतात. बसून जीव कासावीस होणाऱ्यांना तर मी सांगेन, याच साधनेवर भर द्या.

तिसऱ्या दिवशी सोडून जावंसं वाटलं तर?

वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे इतक्या जणांना वाटतं, की अनुभवी सेवक त्या संध्याकाळी मुद्दाम दाराजवळ असतात. कंटाळा, शेजारच्याच्या खोकल्याचा संताप, घरची आठवण, 'हे सगळं निरर्थक आहे' ही ठाम खात्री. बौद्ध परंपरेत मनाच्या अशा अडथळ्यांना पाच नीवरणं म्हणतात: कामच्छंद म्हणजे इंद्रियसुखाची ओढ, व्यापाद म्हणजे द्वेष, थीनमिद्ध म्हणजे सुस्ती, उद्धच्चकुक्कुच्च म्हणजे चलबिचल आणि पश्चात्ताप, आणि विचिकिच्छा म्हणजे शंका. शंका यांत सर्वांत फसवी, कारण ती शहाणपणाच्या भाषेत बोलते.

निर्णय रात्री घेऊ नका. सकाळी आचार्यांना भेटा, मग ठरवा. मात्र भीती आवरत नसेल, झोप पूर्णपणे उडाली असेल, आजूबाजूचं खरं वाटत नसेल, तर ती नेहमीची चलबिचल नव्हे. ताबडतोब सांगा, रात्र असली तरी. अशा वेळी ध्यान थांबवायचं, डोळे उघडे ठेवायचे, गरम काही खायचं-प्यायचं, कुणाशी तरी बोलायचं. तुम्हाला निघायचंच असेल तर कुणीही अडवता कामा नये.

रडू आलं तर?

येऊ द्या. ध्यानकक्षात कुणी वळून पाहत नाही.

मी फार जोर लावते आहे असं आचार्य म्हणाले. म्हणजे काय?

सोण नावाच्या भिक्षूने चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि मग सगळं सोडून घरी जायचा विचार केला. तो पूर्वी वीणा चांगली वाजवायचा. बुद्धांनी त्याला तेवढंच विचारलं: तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? शिबिरात जोर लावणारी माणसं ओळखू येतात. कपाळाला आठ्या, खांदे कानांपर्यंत, आणि प्रत्येक बैठकीनंतर चेहऱ्यावर निकाल लागल्यासारखा भाव. 'चांगली बैठक' आणि 'वाईट बैठक' असे गुण देणं थांबलं, की निम्मा ताण उतरतो. मन भटकलं हे कळलं, की त्या क्षणी तुम्ही जागे आहात. परत या. दिवसात हे शेकडो वेळा होईल आणि ते शेकडो वेळा परत येणं हाच अभ्यास आहे.

ग्रामीण भागात आहे, तर बरोबर काय न्यावं?

रात्रीचा अंधार शहरी माणसाला अनपेक्षित असतो, म्हणून विजेरी हवीच, जास्तीच्या बॅटऱ्यांसह. पहाटेचा गारवा दिवसाच्या हवामानापेक्षा बराच वेगळा असतो, एक शाल घ्या. सैल, न सळसळणारे कपडे, पटकन काढता-घालता येणाऱ्या चपला, डासांचं मलम, नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची, साधं घड्याळ. अत्तर, वासाचे तेल-साबण नकोत. चालताना पायाखाली बघा, रात्री गवतातून जाऊ नका आणि चप्पल घालण्याआधी झटका.

आणि गाव म्हणजे शांतता ही कल्पना घरी ठेवून या. कोंबडे, कुत्री, बेडूक, ट्रॅक्टर, छपरावरचा पाऊस, सगळं ऐकू येतं. आवाज आला की 'ऐकू येतंय' एवढी नोंद घेऊन श्वासावर परत यायचं. आवाजाशी भांडण काढलंत तर दिवस त्यातच जाईल.

जोडीदाराबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर यावं का?

या, पण पोहोचल्यावर एकमेकांना अनोळखी व्हा. तिच्या चेहऱ्यावरून तिचं कसं चाललंय याचा अंदाज बांधणं हीसुद्धा बडबडच आहे. ते जमणार नसेल तर वेगवेगळ्या शिबिरांना जा.

ही पद्धत बुद्धांच्या काळापासूनची आहे का?

साधना जुनी, शिबिराचा हा साचा नवा. गृहस्थांनी ठरावीक दिवस कामधंदा बाजूला ठेवून सलग ध्यान करायचं, याला मोठं रूप मिळालं ते विसाव्या शतकातल्या ब्रह्मदेशात. महासी सयाडो हे भिक्षू १९४९ पासून रंगूनच्या केंद्रात शिकवत होते. रंगूनमध्येच सरकारी अधिकारी असलेले सयाजी ऊ बा खिन यांनी १९५२ मध्ये ध्यानकेंद्र सुरू केलं. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि दहा दिवसांच्या शिबिरांची परंपरा पुढे जगभर गेली. म्हणजे आज ज्याला आपण प्राचीन मठातलं जीवन समजतो, ते खरं तर नोकरी-संसार असणाऱ्यांसाठीच आखलेलं आहे.

पैसे किती लागतात?

काही केंद्रं राहण्या-जेवण्याचं शुल्क घेतात आणि आचार्यांसाठी दान वेगळं ठेवतात, काही पूर्णपणे आधीच्या साधकांच्या दानावर चालतात. दुसऱ्या प्रकारात तुमचा खर्च कुणीतरी आधीच उचललेला असतो. तुम्ही देता ते पुढच्यासाठी. ऐपतीप्रमाणे द्या, आणि देता येत नसेल तर भांडी घासा, आवार झाडा.

चांगलं केंद्र कसं ओळखावं?

अर्जात प्रकृतीबद्दल नीट विचारतात का? आचार्य कुणाकडे शिकले हे स्पष्ट सांगतात का? तक्रार करायची झाली तर आचार्यांखेरीज दुसरं कुणी आहे का? शेवटच्या दिवशी दानासाठी दबाव येतो का? निघून जायची मुभा आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर निसर्ग कितीही सुंदर असो, दुसरं केंद्र बघा.

घरी परतल्यावर काय काळजी घ्यावी?

मौन सुटल्यावर लगेच लांबचा प्रवास स्वतः गाडी चालवत करू नका. कान आणि डोळे इतके हळवे झालेले असतात, की हमरस्त्यावरची गर्दी अंगावर येते. शक्य असेल तर परतल्यानंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. घरच्यांना सगळं एका दमात सांगू नका. तुम्ही सात दिवस नव्हतात तेव्हा मुलांचे डबे, आजारपण, दारावरची माणसं त्यांनी एकट्याने सांभाळली आहेत. आधी त्यांचं ऐका. नोकरी सोडणं, नातं तोडणं असले मोठे निर्णय निदान तीन-चार आठवडे पुढे ढकला.

रोज सकाळी अर्धा तास बसा. तो जमत नसेल तर दहा मिनिटं, पण तीच वेळ, तीच जागा. आजूबाजूला आठवड्यातून एकदा एकत्र बसणारे साधक असतील तर त्यांच्यात जा. एकट्याचा अभ्यास महिन्या-दोन महिन्यांत सुटतो, चार जणांबरोबरचा टिकतो. पुढच्या शिबिराची तारीख ठरवायची घाई नको. हा रोजचा अर्धा तास काही महिने टिकला, की मग नाव नोंदवा.